सत्रात येणारी झोप नेमकी कोणाची?

अर्धविराम:

मी मनोविश्लेषणावर आधारित मानसोपचाराचे प्रशिक्षण घेत आहे. गेले आठ महिने माझ्याकडे एक गृहस्थ आठवड्यातून दोनदा येतात. त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, मात्र ज्याबद्दल विचारायचे आहे ते जसेच्या तसे ठेवले आहे. ते येऊन बसले की साधारण पंधराव्या मिनिटाला मला झोप येऊ लागते. पापण्या जड होतात, त्यांचे वाक्य सुरू झालेले कळते पण संपलेले कळत नाही, आणि जांभई दाबताना डोळ्यांत आलेले पाणी त्यांना दिसले असेल का, या धास्तीनेच पुढची दोन मिनिटे मी जागी राहते. त्यांच्यानंतर दुसऱ्या एक बाई येतात, तेव्हा झोपेचा मागमूसही नसतो.

सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे ज्येष्ठ उपचारकासोबत सत्रांची चर्चा करताना, हे सांगितले तेव्हा मला असे उत्तर मिळाले की ही झोप माझी नाहीच, त्यांची आहे. स्वतःतला जो भाग त्यांना निर्जीव वाटतो आणि जो जाणवून घेणे त्यांना सोसत नाही, तो त्यांनी माझ्याकडे सोपवला आहे आणि त्यांच्या वतीने मी तो अनुभवते आहे. ऐकताना हे पटले, आणि खरे सांगायचे तर सुटल्यासारखेही वाटले. घरी आल्यावर मात्र शंका घेरू लागल्या. त्यांची वेळ दुपारी तीनची असते, तोवर मी दमलेली असते, आणि त्यांचा आवाज एकसुरी आहे. मध्ये एकदा सत्र सकाळी घ्यावे लागले, तेव्हाही झोप आली, पण उशिरा आणि कमी. या प्रसंगावरून मला दोन्ही बाजूंनी काहीच सिद्ध करता आले नाही.

उपचारकाच्या मनात उमटणारी भावना ही रुग्णाविषयीची माहिती आहे, असे मानायला काही निकष आहे का? नसेल, तर स्वतःच्या प्रत्येक उणिवेचे खापर रुग्णाच्या नेणिवेवर, म्हणजे मनाच्या अजाण भागावर, फोडण्याची ही सोय नव्हे काय?

काठावरचा:

तुमची शंका या संकल्पनेइतकीच जुनी आहे. प्रतिसंक्रमण, म्हणजे रुग्णामुळे उपचारकाच्या मनात उमटणारा भावनिक प्रतिसाद, हा शब्द मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांनी १९०९ साली त्यांचे तेव्हाचे सहकारी युंग यांना लिहिलेल्या पत्रात वापरला आणि १९१०च्या न्यूरेंबर्ग येथील भाषणात तो जाहीरपणे मांडला. तिथे त्याचा अर्थ अडथळा असाच आहे. रुग्णाच्या प्रभावामुळे वैद्याच्या नेणिवेत काही हलते, ते त्याने ओळखावे आणि त्यावर मात करावी, कारण स्वतःच्या गुंत्यांनी आणि प्रतिकारांनी जिथवर जाऊ दिले त्याच्या पलीकडे कोणताही विश्लेषक रुग्णाला नेऊ शकत नाही. गंमत अशी की १९१२च्या तंत्रविषयक निबंधात हेच फ्रॉइड एकीकडे विश्लेषकाला भावना बाजूला ठेवणाऱ्या शल्यविशारदाचा आदर्श सांगतात आणि दुसरीकडे त्याची नेणीव टेलिफोनच्या रिसिव्हरसारखी रुग्णाच्या नेणिवेकडे वळलेली असावी असेही म्हणतात. पुढच्या शंभर वर्षांचा वाद या दोन उपमांमध्येच दडलेला आहे, असे मला वाटते.

तुमच्या सुपरव्हायजरांचे म्हणणे ज्या परंपरेतून येते तिचा आरंभ सामान्यतः विश्लेषक पॉला हायमन यांच्या १९५०च्या निबंधाशी जोडला जातो. विश्लेषकाचा भावनिक प्रतिसाद हे रुग्णाच्या नेणिवेत शिरण्याचे एक महत्त्वाचे साधन आहे, असे त्यांनी मांडले. निबंध जेमतेम काही पानांचा आहे, पण त्यातले उदाहरण बहुतेक जण घाईने वाचतात. एका विश्लेषकाकडून बदलून त्यांच्याकडे आलेला रुग्ण तिसऱ्याच आठवड्यात सांगतो की नुकत्याच भेटलेल्या एका स्त्रीशी तो लग्न करणार आहे. हायमन यांना त्याची काळजी वाटू लागते, आणि ही काळजी प्रसंगाच्या मानाने जास्त आहे हेही त्यांच्या लक्षात येते. त्या काळजीचा अर्थ लावून त्या मोकळ्या होत नाहीत. ती उकलत नाही, हे मान्य करून त्या ऐकत राहतात. पुढे रुग्ण स्वप्न सांगतो. त्याने परदेशातून एक चांगली पण मोडकी, जुनी मोटार घेतली आहे, ती दुरुस्त करायची त्याची इच्छा आहे आणि सावधगिरीच्या नावाखाली कोणीतरी हरकत घेत आहे. त्या स्वप्नातून रुग्णाच्या मनातील मोडणे आणि दुरुस्त करणे यांची जोडी दिसल्यावरच काळजीला अर्थ येतो. याचा अर्थ असा की भावनेने फक्त प्रश्न उभा केला आणि उत्तर रुग्णाकडून आले. आपला हा दृष्टिकोन म्हणजे विश्लेषकाच्या उणिवा झाकायचा पडदा नव्हे, असेही हायमन यांनी त्याच निबंधात बजावले आहे, म्हणजे तुमच्या शेवटच्या वाक्यातली भीती त्यांनाही होतीच.

ख्यातनाम विश्लेषक मेलनी क्लाइन यांना तर ही सारी दिशाच फारशी पसंत नव्हती. एका तरुण विश्लेषकाने रुग्णाने आपला गोंधळ माझ्यात टाकला असे सांगितल्यावर त्यांनी 'गोंधळलेले तुम्हीच आहात' असे उत्तर दिल्याची आठवण अजूनही सांगितली जाते.

मला स्वतःला सर्वांत उपयोगी वाटते ती विश्लेषक जोसेफ सँडलर यांची १९७६ची मांडणी. एका रुग्णाशी आपण इतरांपेक्षा जास्त बोलतो, हे त्यांच्या ध्यानात आले. आधी त्यांना तो स्वतःचाच दोष वाटला. मग नीट ऐकल्यावर असे आढळले की तो रुग्ण वाक्याच्या शेवटी आवाजाला किंचित हेल देतो आणि त्यामुळे प्रत्येक विधान प्रश्नासारखे ऐकू येते. सँडलर नकळत त्या प्रश्नांची उत्तरे देत होते. रुग्णाच्या लहानपणी वडील कामावरून घरी आले की त्याला फार भीती वाटे आणि ते चिडलेले नाहीत याची खात्री करून घेण्यासाठी तो त्यांना सतत बोलते ठेवी. आता यात सँडलर यांचा बोलका स्वभाव नव्हता असे नाही. विश्लेषकाची वागणूक ही त्याच्या स्वतःच्या प्रवृत्ती आणि रुग्णाने नकळत देऊ केलेली भूमिका यांच्यातली तडजोड असते, असेच ते म्हणतात.

त्यामुळे 'माझी की त्यांची' हा प्रश्न बाजूला ठेवून मी तुम्हाला हे विचारीन की झोप येण्याच्या नेमके आधी ते काय करतात? शब्द, आवाज, बसण्याची ढब, काहीही चालेल. सत्र संपल्यावर दहा मिनिटांच्या आत, आठवेल तितके त्यांच्याच शब्दांत लिहून काढा आणि झोप जिथे सुरू झाली तिथे समासात खूण करा. अशा पाच-सहा नोंदी झाल्याशिवाय अर्थ लावायला बसू नका.

निरुत्तर:

वरील प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, पण त्यातील दोन्ही उदाहरणे मागे वळून जुळवलेली आहेत. काळजी वाटली, नंतर स्वप्न आले, आणि स्वप्न काळजीला जुळले. स्वप्न कोणत्या गोष्टीला जुळत नाही? नेणिवेवर विश्वास असलेल्या माणसाला जुळवाजुळव कधीच कमी पडत नाही. तुमच्या सुपरव्हायजरांचे विधान कोणत्या परिस्थितीत चुकीचे ठरले असते, हे त्यांना विचारून पाहा. त्याला उत्तर नसेल तर ते विधान सुपरव्हिजनच्या खोलीत कितीही सुंदर वाटले तरी त्याचा उपयोग मर्यादित आहे.

शिवाय एक घसरण लक्षात घ्यावी. क्लाइन यांनी १९४६ साली प्रक्षेपी तादात्म्याची, म्हणजे स्वतःतला नकोसा भाग दुसऱ्यात टाकण्याची, कल्पना मांडली तेव्हा ती रुग्णाच्या मनात घडणाऱ्या एका कल्पनाव्यवहाराविषयी होती. समोरच्या माणसात खरोखर काहीतरी उत्पन्न होते आणि तो एक प्रकारचा संवादच असतो, हा विस्तार प्रामुख्याने विश्लेषक बिऑन यांच्यापासून पुढे झाला. आज प्रशिक्षणवर्गात दोन्ही अर्थ एकाच दमात शिकवले जातात, आणि मग उपचारकाला भूक लागली तरी ती रुग्णाची ठरते.

नोंदी जरूर ठेवा, पण त्यासोबत आदल्या रात्रीची झोप, त्या दिवशीचे कितवे सत्र आणि अन्य रुग्णांसोबत तीन वाजता काय होते, हेही लिहा. आणि दिवसा इतरत्रही डोळे मिटत असतील तर आधी डॉक्टरांना भेटा.

एकेकाळची रुग्ण:

मी या क्षेत्रातली नाही. माझा अनुभव कोचाच्या दुसऱ्या टोकाचा आहे. अनेक वर्षांपूर्वी माझे उपचारक सत्रात चक्क पेंगले. मी पाठमोरी असल्यामुळे दिसले काहीच नाही, पण श्वासाची लय बदलली की कळते. मी बोलायची थांबले, आणि त्या शांततेने ते जागे झाले. तिथवर मला फारसे वाईट वाटले नव्हते. त्यानंतर त्यांनी मला विचारले की, माझ्या झोपण्यातून तुमच्याविषयी काय कळते असे तुम्हाला वाटते? त्या प्रश्नाने मी जी बंद झाले ती पुढचे दोन महिने. 'मला झोप लागली, क्षमा करा' एवढे ते म्हणाले असते, तर कदाचित मीच त्यांना सांगितले असते की मी तो आठवडाभर मुद्दाम कंटाळवाणे बोलत होते, कारण खरे काय ते बोलण्याची मला लाज वाटत होती.

म्हणजे त्यांचा तर्क बरोबरही असू शकेल. तरीही तो मला अशा वेळी आणि अशा रीतीने ऐकवला गेला की चूक त्यांची असताना हिशेब मला द्यावा लागला.

काठावरचा:

हा प्रतिसाद प्रशिक्षणार्थींनी मुद्दाम वाचावा असा आहे. हायमन यांनीही स्वतःच्या भावना रुग्णाला सांगाव्यात असे म्हटले नव्हते, उलट त्याला त्यांचा विरोधच होता.

निरुत्तर यांचा आक्षेप मला निम्मा मान्य आहे. स्वप्न कशालाही जुळते, हे खरे. पण वाक्याच्या शेवटचा हेल तसा नाही, कारण तो आहे की नाही हे दुसरा माणूस ऐकून सांगू शकतो. म्हणूनच मी सँडलर यांना हायमन यांच्या पुढे ठेवतो.

अर्धविराम:

सर्वांचे आभार. तीन आठवड्यांच्या सहा नोंदी झाल्या आहेत. निरुत्तर यांच्या सूचनेनुसार झोपेचे तासही लिहिले. आदल्या रात्री नीट झोपलेल्या दिवशी पेंग उशिरा येते, त्यामुळे शीण खोटा नाही. दुसरा एक रुग्ण एकदा तीनच्या वेळेला आला होता, त्याच्यासोबत झोप आली नाही, पण एकावरून काय ठरवणार?

समासातल्या खुणा पाहिल्यावर मात्र एक शब्द पुन्हा पुन्हा दिसला. हे गृहस्थ कार्यालयातला एखादा प्रसंग सांगतात, तो रंगात येतो, कोणीतरी त्यांचा अपमान केलेला असतो, आणि नेमके तिथे ते 'असो' म्हणतात. मग नवा प्रसंग, आणि पुन्हा 'असो'. सहा नोंदींपैकी चारांत माझी खूण दुसऱ्या किंवा तिसऱ्या 'असो'नंतर आहे. राग जिथे यायला हवा तिथे ते स्वतःच दार ओढून घेतात, आणि विचारायला काही उरत नाही म्हणून मी बाहेरच्या बाहेर विझत जाते, असे मला वाटते आहे. सँडलर यांची तडजोड इथेही आहे, हे कबूल करायला हवे. आमच्या घरी वडिलांनी 'असो' म्हटले की विषय संपत असे, आणि त्यानंतर कोणी तोंड उघडायचे नसे. हे मी माझ्या स्वतःच्या विश्लेषणात, म्हणजे मी स्वतः ज्यांच्याकडे रुग्ण म्हणून जाते त्यांच्याकडे, नेले आहे, इथे लांबवत नाही.

आता प्रश्न असा की हे त्यांना सांगायचे कसे?

काठावरचा:

झोपेविषयी अवाक्षर नको. 'असो'विषयी बोला, कारण तो शब्द त्यांचा आहे आणि तुम्ही दोघांनीही तो ऐकला आहे. अर्थही लगेच सांगू नका. तुम्हीच मागे उभ्या राहून राग शोधता आहात असे त्यांना वाटले, तर ते तुम्हाला खूश करण्यापुरता राग आणून दाखवतील. 'इथे तुम्ही थांबलात' एवढे निरीक्षण पुरे.

अर्धविराम:

काल मी त्यांना तसे म्हणाले. बढतीच्या यादीतून आपले नाव गाळल्याचे सांगून ते 'असो' म्हणाले, आणि मी म्हटले की तुम्ही इथे थांबलात. ते हसले, सवय आहे म्हणाले, आणि पुढच्या प्रसंगाकडे वळले. नंतर आणखी दोनदा 'असो' आले. दुसऱ्या वेळी म्हणून झाल्यावर त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि घड्याळाचा पट्टा उगाच घट्ट केला. बस, एवढेच घडले.

मला संपूर्ण सत्रात झोप आली नाही. पण निरुत्तर यांनी विचारण्याआधीच सांगते, हा पुरावा मी धरत नाही, कारण तो एक शब्द कधी येतो याची मी इतक्या कान टवकारून वाट पाहत होते की झोप येणे शक्यच नव्हते. पुढच्या सोमवारी नेहमीसारखे ऐकायचा प्रयत्न करीन, आणि नोंदी चालू ठेवीन.