फुल मॅरेथॉनची तयारी, बँक आणि घर: लाँग रन बसवायचा कुठे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

इथे बरीच वर्षं वाचतेय पण धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

मी डोंबिवली पूर्वेला राहते, वय ३९, फोर्टला एका बँकेच्या शाखेत आहे. पळायला २०२१ मध्ये लागले, आधी नुसतं चालणं, मग ५ किमी, मग १०. गेल्या वर्षी साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन (२१ किमी) केली (यवतेश्वरचा घाट चढून उतरल्यावर दोन दिवस जिना उतरता येत नव्हता पण आनंद एवढा होता की काय सांगू), आणि या जानेवारीत मुंबईची हाफ २ तास २१ मिनिटांत. आता येत्या जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईची फुल करायची आहे, ४२.१९५ किमी, रजिस्ट्रेशन झालंय. चाळिशी लागायच्या आत एकदा तरी हे अंतर पायाखालून गेलं पाहिजे असं मनात फार दिवसांपासून आहे. टायमिंगचं काही नाही, सव्वापाच साडेपाच तास लागले तरी चालतील, पण पूर्ण करायची आणि धडधाकट घरी यायचं.

आता घरचं सांगते, कारण अडचण तिथेच आहे. नवरा अंबरनाथ एमआयडीसीत केमिकल कंपनीत आहे, शिफ्ट दर आठवड्याला बदलते. फर्स्ट असली की तो पावणेसहाला घराबाहेर, नाइट असली की सकाळी साडेसातला परत, सेकंड असली की रात्री साडेबाराला जेवतो. मुलगा पाचवीत, त्याची व्हॅन सहा पन्नासला. सासूबाईंचं जूनमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आता वॉकरशिवाय चालतात पण एकट्या बाथरूमला गेल्या की मला धाकधूक. पाणी साडेपाच ते साडेसहा. तीन डबे. आणि आठच्या आसपासची फास्ट चुकली की पुढचीत पाय ठेवायला जागा नसते हे डोंबिवलीकरांना सांगायला नको. संध्याकाळी घरात शिरेपर्यंत साडेसात होतात.

नेटवरचा एक अठरा आठवड्यांचा प्लॅन धरला होता, आठवड्यात चार रन. त्यातला मंगळवार आणि गुरुवार कसाबसा जमतो, पावणेपाचला उठून घरडा सर्कल आणि एमआयडीसीतल्या क्रीडा संकुलाच्या आजूबाजूला ६-७ किमी, तेही नवऱ्याची फर्स्ट नसेल तरच. तिसरा रन दोन आठवड्यातून एकदा होतो. चौथा म्हणजे रविवारचा लाँग रन, तो मी आतापर्यंत एकदाही सोडला नाही, २४ किमीपर्यंत आले आहे. पण घरात सगळ्यांना मी मिळते तो वार पण रविवारच.

मागच्या रविवारी २२ किमी करून साडेआठला आले, पोहे केले, सासूबाईंचे व्यायाम करून घेतले आणि ठरल्याप्रमाणे मुलाला स्कॉलरशिपची गणितं घ्यायला बसले. तिसऱ्या गणितावर मला झोप लागली. बसल्या जागी. तासाभराने जाग आली तर अंगावर चादर होती, पंखा एकवर केलेला, आणि लेक शेजारच्या खोलीत आजीला हळू आवाजात सांगत होता की आईला उठवू नको, मी गणितं करतोय. वही पाहिली तर नफा तोट्याची दहापैकी सात चुकलेली. मी त्याला काही बोलले नाही पण तेव्हापासून माझं मन कशात लागत नाहीये. घरात कोणी मला थांब म्हणत नाही. नवरा तर म्हणतो तू पळ, आपण बघू. पण "बघू" म्हणजे नेमकं काय बघायचं हे मलाच ठरवावं लागतं ना.

दुसरं म्हणजे शरीर. डाव्या नडगीला आतल्या बाजूने दुखतं, पळायला लागलं की पहिले दोन किमी, मग थांबतं, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. आणि हिमोग्लोबिन १०.४ आलंय, डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात. नवरात्रात नऊ दिवस उपवास केले आणि पळणंही चालू ठेवलं, ती चूक झाली हे आता कळतंय.

तर आठवड्यात तीनच रन करून फुल होते का, खरं सांगा, उगाच उत्साह वाढवायला नको. लाँग रन रविवार सोडून बसवायचा तर कधी? ३२ किमी एकदा करावेच लागतात म्हणतात, माझ्या वेगाने ते चार तासांच्या वर जातं, ते तोडून सकाळी २० संध्याकाळी १२ असं चालेल का? आणि ज्या बायकांनी नोकरी आणि घर सांभाळून फुल केली आहे त्यांनी घरात कामाची वाटणी नेमकी कशी केली ते लिहा प्लीज. "घरच्यांचा सपोर्ट हवा" एवढंच नका लिहू, काय काम कोणाकडे गेलं ते लिहा.

प्रतिसाद १

ताई, आधी नडगीचं. सुरुवातीला दुखून मग थांबतंय म्हणजे बहुतेक शिन स्प्लिंट (नडगीच्या हाडालगत ताणाने होणारी दुखी), पण बोटाने दाबून बघा, दुखणं लांब पट्ट्यात पसरलेलं असेल तर तेच असण्याची शक्यता जास्त, एकाच ठिकाणी टोचल्यासारखं असेल किंवा चालताना आणि रात्री पण दुखत असेल तर पळणं बंद करून ऑर्थोपेडिककडे जा, हाडाला बारीक चीर असू शकते आणि त्यावर पळालात तर जानेवारी विसरा. बूट किती पळालेत? ६००-७०० किमी झाले असतील तर बदला. पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर खाली करायच्या, रोज दोन्ही पायांवर, पोळ्या करताना ओट्याशी उभं राहून पण होतात, मी तसेच केले.

तीन रनवर फुल होते. मी दोनदा केली आहे. फक्त तिन्ही वेगवेगळ्या कामाचे पाहिजेत. एक निवांत, एक थोडा जोराचा (बोलताना तीन-चार शब्दांवर धाप लागेल इतपत), आणि एक लांब. तिन्ही एकाच वेगाने ओढलेत तर मात्र नुसतं थकायला होतं.

प्रतिसाद २

गोळी चहासोबत किंवा चहानंतर लगेच घेत असाल तर ते आधी थांबवा, चहाने लोह अंगी लागत नाही. मध्ये दीडदोन तास जाऊ द्या आणि लिंबूपाण्यासोबत घ्या. डॉक्टरांना फेरिटिन (अंगात साठलेलं लोह किती ते दाखवणारी रक्ततपासणी) बघायचं का ते विचारा, पळणाऱ्या बायकांमध्ये ते बरेचदा कमी निघतं. तुम्ही बसल्या बसल्या झोपलात त्याचं कारण नुसतं २२ किमी नसेल, हे १०.४ पण असेल. स्वतःला बोल लावण्याआधी हे लक्षात घ्या.

३२ बद्दल माझं मत वेगळं आहे. ज्यांची फुल चार तासांत होते त्यांचे ३२ किमी तीन तासांत होतात, आपले सव्वाचार तासांत. पायांना किलोमीटर कळत नाहीत, तास कळतात. साडेतीन पावणेचार तासांच्या पुढे जाऊ नका, त्यात २८ होऊ देत नाहीतर २९. तोडून दोनदा करण्यापेक्षा आदल्या दिवशी १० आणि दुसऱ्या दिवशी २४ हे मला जास्त लागू पडलं, थकलेल्या पायांनी पळायची सवय होते.

प्रतिसाद ३

मी पण बँकेत. अहो, दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी आहे ना आपल्याला! लाँग रन तिथे टाका. मुलाची शनिवारी शाळा असते, नवरा शिफ्टला, घरचे लोक तसंही त्या दिवशी आपल्याला धरत नाहीत. रविवार अख्खा घरचा. मधल्या शनिवारी बँक असते, त्या आठवड्यात रविवारी फक्त १२-१४ किमी, सातच्या आत परत. कॅलेंडर काढून बघा, ऑक्टोबरचा चौथा, नोव्हेंबरचे दोन, डिसेंबरचे दोन, पाच लाँग रन मिळतात, आणि डिसेंबरचा चौथा शनिवार रेसच्या तीन आठवडे आधी येतो, सगळ्यात लांबचा रन तिथे आणि मग अंतर उतरवत आणायचं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात क्वार्टर एंड (तिमाहीचे हिशेब) आहे, उशिरापर्यंत थांबावं लागतं, तेव्हा पळणं आपोआप कमी होईल आणि तेव्हा ते कमीच करायचं असतं.

आठवड्यातला एक रन शाखेतून निघून मरीन ड्राइव्हला करा. नरिमन पॉइंटपासून चौपाटीपर्यंत आणि परत साधारण ७ किमी, सपाट, दिवे आहेत, कुत्री मागे लागत नाहीत, आणि नंतर गाडीला गर्दी पण थोडी उतरलेली असते. घरी पोचायला नऊ होतील, तेवढं एक दिवस सांगून ठेवायचं.

वाटणीचं म्हणाल तर माझ्याकडे पाणी भरणं नवऱ्याकडे गेलं, आणि शनिवारचा स्वयंपाक पूर्ण बंद केला, पोळीभाजी केंद्रातून येते. सुरुवातीला सासऱ्यांना आवडलं नाही. मी तरी बदललं नाही.

प्रतिसाद ४

खाण्याचं कोणी लिहिलं नाही म्हणून. तीस किमीच्या आसपास पाय जे एकदम शिशाचे होतात ते साठवलेली साखर संपत आल्यामुळे, आणि मुंबईला पेडर रोडचा परतीचा चढ नेमका तीस किमीनंतर येतो. भूक लागायची वाट न बघता पाऊण तासापासून खायला सुरू करा, ताशी ३० ते ६० ग्रॅम कार्ब पोटात गेले पाहिजेत. जेल (पळताना खायची साखरेची पाकिटं) महाग वाटत असेल तर बिया काढलेला खजूर, राजगिऱ्याची चिक्की, आणि मीठसाखर लिंबूपाणी. पण रेसच्या दिवशी जे खायचं तेच लाँग रनला खाऊन बघा, नवीन काही नको. आणि एखादा लाँग रन पहाटेच्या गाडीने सीएसएमटीला जाऊन पेडर रोडवरून करा, चढ ओळखीचा झाला की निम्मी भीती जाते.

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री हे सगळं नवऱ्याला वाचून दाखवलं. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारचं मला एवढी वर्षं बँकेत काढून सुचलं नाही, कारण ते दोन दिवस मी दळण, किराणा आणि बँकेच्या गणवेशाच्या इस्त्रीला ठेवले होते. आता दळण नवरा टाकणार, पाणी त्याची सेकंड असेल तेव्हा तो, आणि फर्स्ट किंवा नाइट असेल तेव्हा सासूबाई म्हणाल्या नळ मी सोडते, मला उभं राहायला सांगितलंच आहे डॉक्टरांनी. मी नको म्हणणार होते, गप्प बसले.

नडगी दाबून पाहिली, पट्ट्यातच दुखतंय, बूट ८०० किमीच्या वर गेलेत, आज बदलते. या आठवड्यात दोनच रन, दोन्ही हळू. गोळी रात्री झोपताना लिंबूपाण्यासोबत. या शनिवारी २४च करणार, २६ नाही. मोठ्यात मोठा रन पावणेचार तास, तिथे जेवढे किमी होतील तेवढे.

मुलाशी पण बोलले. त्याला सांगितलं की रविवारी सकाळी नऊ ते अकरा मी तुझी, तेव्हा मी झोपणार नाही. तो म्हणाला मग शनिवारी तू आलीस की मी तुझे किलोमीटर वहीत लिहीन. नफा तोटा परत पहिल्यापासून घेतोय.

एक राहिलं. मरीन ड्राइव्हला पळायचं तर बॅग कुठे ठेवता? शाखा सात वाजता बंद होते, आणि लॅपटॉप नसला तरी डबा, साडी आणि पर्स असतेच. चर्चगेटच्या बाजूला कोणी ग्रुपने पळत असेल आणि आळीपाळीने बॅगा सांभाळत असेल तर प्लीज कळवा, बुधवार मला सोयीचा आहे.