हिस्पानो-सुइझाचे ब्रेक ड्रम नव्याने करायचेत, पद्धत सुचवा

गॅरेजकर
एका गिऱ्हाइकाची १९२० च्या दशकातली हिस्पानो-सुइझा एच६बी मोटार पुण्यात कामाला आली आहे. पुढच्या ड्रमच्या ॲल्युमिनियमला तडे गेलेत, आतलं लोखंडी लायनर (ब्रेक जिथे घासतो ते कडं) सुटलंय. थंड असताना ठीक. चार वेळा जोरात ब्रेक मारला की पेडल खाली जातं, आवाजही येतो. मालकांना रूप मूळचंच हवंय आणि गाडी चालवायची आहे. लायनर दाबून बसवू का?

लेथवाला
अख्खा ड्रम बिडाचा ओता आणि मोकळे व्हा. ड्रमवरचे थंडाव्याचे पंख कोण मोजत बसणार!

साचेकर
लेथवाले, मालक मोजतील की! शिवाय वजन सगळं स्प्रिंगखाली वाढेल, स्टिअरिंगला जाणवेल. १९१९ ला हिची मूळ एच६ आली तेव्हा चारही चाकांना ब्रेक आणि गिअरबॉक्सवरून फिरणारा सर्व्हो (पायाच्या जोराला मदत करणारी यंत्रणा) हीच तर तिची शान होती. रोल्स-रॉईसनेही तो सर्व्हो पुढे परवाना घेऊन वापरला. ब्रेक एवढा दमदार म्हटल्यावर उष्णताही तेवढीच, ती लवकर बाहेर जावी म्हणून ॲल्युमिनियम.

अडचण जोडाची आहे. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं. ते लायनरपासून सुटलं की मधल्या फटीमुळे उष्णता बाहेर जात नाही, लायनर आणखी तापतं. दाबून बसवलेल्याचं हेच होतं, कितीही घट्ट बसवा.

माझं मत, अल-फिन पद्धतीने करा. बिडाचं लायनर आधी वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये बुडवतात, पृष्ठभागावर दोन्ही धातूंचा पातळ थर तयार होतो, आणि ते गरम असतानाच भोवती ॲल्युमिनियम ओततात. विमानांच्या एअर-कूल्ड इंजिनांचे सिलिंडर असेच होत. १९५७ मध्ये ब्यूकने पुढच्या ड्रमला हेच वापरलं.

गॅरेजकर
सेंट्रिफ्यूज म्हणतात ते?

साचेकर
ते वेगळं. पोलादी कवच गरगर फिरवत आत वितळलेलं बीड ओततात. जोड पक्का, पण बाहेरून पोलाद दिसणार. तुमच्या मालकांना चालणार नाही.

चाकवेडा
जरा विषयांतर. बुगाटीच्या टाइप ३५ ने १९२४ ला लिऑनच्या शर्यतीत चाक आणि ड्रम एकाच ॲल्युमिनियमच्या ओतकामात आणले होते. चाक काढलं की ब्रेक शू समोर! तिथेही आत लायनर लागतंच.

गॅरेजकर
कोल्हापुरात होईल का?

साचेकर
शिरोली, गोकुळ शिरगावला बीड ओतणारे भरपूर. लायनर तिथे करून घ्या, ग्रे आयर्नचंच. जोडाचं काम मात्र एअर-कूल्ड सिलिंडर करणाऱ्याकडे द्या. पहिला ड्रम कापून बघायचा हे दर ठरवतानाच सांगा. कापलेल्या जागी दोन धातूंत रेघभर फट दिसली तरी पुढचं काम थांबवा.

लेथवाला
बरं, पंख राहू द्या. पण बोअरचा (ड्रमच्या आतल्या गोलाईचा) शेवटचा कट ड्रम हबवर कसल्यावरच घ्या आणि रनआउट, म्हणजे फिरताना ड्रम किती डगमगतो ते बघा. सुटा टर्न केलेला ड्रम बोल्ट आवळले की ओव्हल होतो, मग सर्व्होसकट अख्खी गाडी थरथरते.