डॉर्सेटला तीन दिवस: सोबत सासू-सासरे, एक डायनोसॉरवेडा आणि एक दुखरा गुडघा

मीठमिरची:
नमस्कार मंडळी. आम्ही रेडिंगला राहतो. सासू-सासरे साताऱ्याहून दोन महिन्यांसाठी आलेत. ऑगस्टच्या शेवटी तीन दिवस इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेटला जायचं ठरतंय, गाडी घरची आहे. मुलगा सात वर्षांचा, त्याला जीवाश्म सोडून काही नको. आईंच्या गुडघ्याला जिने चालत नाहीत. बाबा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत. "समुद्र काय, आपल्या रत्नागिरीलाही आहे," हे त्यांचं आत्ताच तीनदा म्हणून झालंय.
नवऱ्याची यादी: डर्डल डोअर, ललवर्थ, कॉर्फचा किल्ला, ब्राउनसी बेट, पोर्टलँड, लाइम रीजिस. बसेल का एवढं? मुक्काम कुठे करू? आणि शाकाहारी खायला काय मिळेल?

भटकभवानी:
नाही बसणार. जुरासिक कोस्ट म्हणतात तो पट्टा 95 मैलांचा आहे, डेव्हनमधल्या एक्समथपासून थेट स्टडलँडपर्यंत. तुमच्या यादीतलं लाइम रीजिस डॉर्सेटच्या पश्चिम टोकाला आणि ब्राउनसी पूर्वेला. ऑगस्टात पुढे कॅरॅव्हॅन, मागे ट्रॅक्टर आणि रस्ता एका गाडीपुरता. नवऱ्याला म्हणावं, नकाशा बोटाने नको मोजूस.
मुक्काम वेमथला करा, ते मधोमध पडतं. वाळूचा सपाट किनारा आहे, पाणी लांबवर उथळ, आईंना बाकावर बसून दिवस काढता येईल. ब्राउनसी यादीतून काढा. लाल खारींसाठी छान आहे, 1907 साली बेडन-पॉवेलने स्काउटचं पहिलं शिबिर तिथेच भरवलं होतं, पण बोटीने जाणं-येणं धरून पूर्ण दिवस जातो.
डर्डल डोअर म्हणजे समुद्रातली नैसर्गिक दगडी कमान, तिचं पार्किंग वर कड्यावर आहे. तिथून खडीचा तीव्र उतार, मग पायऱ्या, आणि उतरलेलं सगळं परत चढायचं. गुडघ्याला अजिबात नको. तुम्ही तिघं जा, आई-बाबांना ललवर्थ कोव्हला, म्हणजे तिथल्या छोट्या गोल खाडीला सोडा. तिथे पाण्यापर्यंत हलक्या उताराचा रस्ता आहे. मुलाला तो गोल आकार कसा झाला ते सांगा: समोर कठीण चुनखडकाची भिंत, तिला समुद्राने भोक पाडलं आणि आतली मऊ माती खाऊन वाडगा केला.

दगडधोंडे:
जीवाश्मांसाठी लाइम रीजिसपेक्षा शेजारचं चारमथ बरं. किनाऱ्यालाच हेरिटेज कोस्ट सेंटर आहे, ते लोक जीवाश्म शोधायच्या फेऱ्या काढतात. ऑगस्टात जागा भरतात, आधी नोंदवा. पहिल्यांदा जात असाल तर फेरीनेच जा, नाहीतर दोन तास नुसते काळे दगड उलटत बसाल. बेलेम्नाइट (माखलीसारख्या प्राण्याचा जीवाश्म) बंदुकीच्या गोळीसारखा दिसतो, तो मुलांना लवकर सापडतो. अमोनाइट, म्हणजे गोल वळलेला शंख, सापडला तर दिवाळी.
दोन गोष्टी कान देऊन ऐका. ओहोटी सुरू असताना जायचं आणि भरतीच्या आधी परत फिरायचं, कारण चारमथ ते लाइम या वाटेत भरतीला पाणी थेट कड्याला लागतं. आणि कड्याखाली बसून डबा खायचा नाही, दरडी पडतात. वाळूत सुटं पडलेलं उचला, कड्यावर हातोडी चालवू नका.
मग लाइमला मेरी अ‍ॅनिंगचा पुतळा दाखवा, 2022 मध्ये बसवला. बाराव्या-तेराव्या वर्षी या पोरीने इक्थिओसॉरचा, म्हणजे माशासारख्या दिसणाऱ्या समुद्री सरीसृपाचा, सांगाडा उकरला होता. वडील सुतार, घरी गरिबी. विद्वान मंडळी तिच्याकडून जीवाश्म विकत घ्यायची, पण बाई म्हणून जिऑलॉजिकल सोसायटीत, म्हणजे भूशास्त्रज्ञांच्या संस्थेत, तिला घेतलं नाही.

उकडीचा_मोदक:
खाण्याचं: जॅकेट पोटॅटो (सालासकट भाजलेला बटाटा) आणि चिप्स सगळीकडे. चिप्स कशात तळतात ते विचारून घ्या, काही ठिकाणी प्राण्यांची चरबी वापरतात. आम्ही सरळ मेथीचे ठेपले नेतो. आणि सीगलना कमी लेखू नका. माझ्या हातातला ठेपला लोणच्यासकट गेला, मागे वळून पाहिलंसुद्धा नाही मेल्याने.

तिरपा_डोळा:
स्टडलँडचं नाव अजून कुणी काढलं नाही म्हणून सांगतो. किनारा फार सुंदर आहे, पण मधला एक पट्टा अधिकृतपणे कपडे न घालणाऱ्यांसाठी आहे. पाटी असते. मी सासऱ्यांशी निवृत्तिवेतनावर बोलत बोलत पाटीच्या पुढे गेलो. दोघंही आजतागायत त्या विषयावर गप्प आहोत.

भटकभवानी:
तिरप्या, मेले हसून!!

गडवाला:
कॉर्फ वगळू नका. इंग्लंडच्या यादवी युद्धात, 1646 मध्ये, राजाविरुद्ध लढणाऱ्या पार्लमेंटच्या सैन्याने किल्ला घेतला आणि सुरुंग लावून फोडला, म्हणून बुरूज असे कलंडलेले दिसतात. आपल्याकडे 1818 नंतर इंग्रजांनी गडांच्या वाटा फोडल्या, तीच खोड घरीही होती म्हणायची. वर चढ आहे, पण आईंना चढायची गरज नाही. नॉर्डनला गाडी लावा आणि वाफेच्या गाडीने स्वॉनेजला जा, किल्ला डब्याच्या खिडकीतून दिसतो. हा फाटा 1972 ला बंद पडला होता, हौशी लोकांनी रूळ पुन्हा टाकून चालू केला.
पाऊस आलाच तर बोव्हिंग्टनचं टँक म्युझियम.

मीठमिरची:
सगळ्यांचे आभार! ब्राउनसी काढलं, नवरा रुसलाय. बाबांसाठी खास काही आहे का? किल्ल्याचं ऐकून "बघू" म्हणाले, म्हणजे नाही.

दगडधोंडे:
बांधकाम खातं म्हणालात ना? मग पोर्टलँडला न्या! सिमेंटच्या गोणीवर 'ऑर्डिनरी पोर्टलँड सिमेंट' असतं, ते नाव या बेटावरून आलंय. 1824 मध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिनने सिमेंटचं पेटंट घेतलं, वाळल्यावर ते इथल्या दगडासारखं दिसतं म्हणून हे नाव. लंडनचं सेंट पॉल्स कॅथेड्रलही याच दगडाचं. टाउट क्वॉरी ही बंद पडलेली खाण आहे, आत जागोजागी शिल्पं कोरलेली, फुकट बघता येते. वाट खडबडीत आहे, आईंना तिथे नको. त्यांना पोर्टलँड बिलला न्या, सपाट माळावर लाल-पांढरं दीपगृह आहे.
जाताना वाटेत चेसिल बीच लागतो, 18 मैल नुसते गोटे. पश्चिमेला वाटाण्याएवढे, पोर्टलँडकडे बटाट्याएवढे. म्हणतात की पूर्वी चोरटा माल उतरवणारे अंधारात गोटा चाचपून कुठे लागलोय ते ओळखायचे. तिथे पोहू नका, पाणी एकदम खोल होतं आणि ओढ फार. गोटे घरी न्यायला बंदी आहे, मुलाचे खिसे तपासा.
आणि हो, पोर्टलँडवर सशाचं नाव घेत नाहीत. खाणीत दरड कोसळायच्या आधी ससे पळताना दिसायचे, म्हणून अपशकुन.

मीठमिरची:
परत आलो. चारमथला दीड बेलेम्नाइट मिळाला, अर्धा कुणाचा यावर घरात वाद चालू आहे. ललवर्थला आईंनी दोन तास पाण्यात पाय सोडले आणि एका इंग्रज आजींना खुणांनी ठेपल्याची कृती समजावली. डर्डल डोअर चढताना नवऱ्याचाच गुडघा गेला.
बाबा टाउट क्वॉरीत शिल्पांपाशी थांबलेच नाहीत. खाणीच्या भिंतीवर हात फिरवत, छिन्नीच्या खुणा बघत तासभर फिरले. मग म्हणाले, "चाळीस वर्षं गोण्या मोजल्या, कुणी सांगितलं नाही." साताऱ्याला फोन लावून एका जुन्या कंत्राटदाराला उठवलं. तिकडे रात्रीचे साडेअकरा वाजले होते.