मदत हवी आहे: एअर फोर्क खाली बसलाय, हवा भरूनही पूर्ण वर येत नाही (नाशिक)

नमस्कार मंडळी,

हार्डटेल एमटीबी (फक्त पुढे शॉकअप असलेली माउंटन बाइक) आहे, पुढे १२० मिमी ट्रॅव्हलचा (म्हणजे एवढा दबणारा) एअर फोर्क, हवेच्या दाबावर चालणारा शॉकअप. पावसाळाभर सायकल त्र्यंबक बाजूला फिरली. अंजनेरीचा पायथा, वाघेऱ्याकडचे कच्चे रस्ते, येताना गंगापूर धरणाकडची चिखलाची वाट. पाऊस उघडला आणि सायकल पुढून बसकी वाटायला लागली. टेप लावून पाहिलं तर डस्ट सीलच्या (धूळ अडवणाऱ्या रबरी कड्याच्या) वर चकचकीत नळी आधीपेक्षा वीसेक मिमी कमी दिसतेय.

आधी वाटलं हवा गेली. माझं वजन ७४ किलो, फोर्कच्या पायावरच्या (खालच्या जाड नळीवरच्या) तक्त्याप्रमाणे ८० पीएसआय ठेवतो. शॉक पंप लावला तर काटा ऐंशीच्या जवळच. व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी टाकलं, एक बुडबुडा नाही. रात्रभर ठेवून सकाळी पाहिलं, तेच. म्हणजे हवा बाहेर जात नाहीये, तरी फोर्क वर येत नाही! पुढचं चाक पायात धरून हँडल जोरात वर ओढलं की येतो, सोडलं की आतून कोणीतरी खेचल्यासारखा परत खाली. रिबाउंड (परत वर येण्याचा वेग) आणि लॉकआउट (फोर्क कडक करायची कळ) व्यवस्थित आहेत.

शहरातल्या एका दुकानात दाखवलं. कारागिराने दोनदा दाबलं आणि म्हणाला, “सील गेलंय, नवीन शॉकअप टाका.” कोणतं सील विचारलं तर “आतलं”. नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये रॅम (रेस अक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत) पूर्ण केली तेव्हापासून नाशकात सायकलींना तोटा नाही, पण दिसतात त्या बहुतेक रोडबाइक नाहीतर हायब्रिड. फोर्क उघडून बसणारा माणूस दिवा घेऊन शोधावा लागतो.

तर हा फोर्क खरंच गेला का, की घरी काही करता येईल? ॲलन की, रबरी हातोडा, शॉक पंप एवढं आहे. जाणकारांनी कृपया मार्ग दाखवा.

प्रतिसाद:
तेल सुकलं असणार भाऊ. नळ्यांवर डब्ल्यूडी-४० मारा, दहा वेळा दाबा, मोकळा होईल. माझ्या जुन्या सायकलचा असाच झाला होता.

प्रतिसाद:
वरचा उपाय कृपया करू नका. डब्ल्यूडी-४० सीलखालचं ग्रीस धुऊन काढतं आणि आतलं तेल पातळ करतं. दोन दिवस मऊ वाटतं, मग फोर्क जास्तच अडकतो. ज्यांचा मोकळा झाला त्यांचा बहुधा स्प्रिंगचा असेल, धागाकर्त्याचा हवेचा आहे.

धागाकर्ते, लक्षणं तुम्ही छान दिली आहेत, म्हणून सांगणं सोपं झालं. एअर फोर्कमध्ये हवेचे दोन कप्पे असतात. पिस्टनच्या वरचा पॉझिटिव्ह, जो तुमचं वजन पेलतो, आणि खालचा निगेटिव्ह, जो फोर्कला किंचित खाली ओढून सुरुवातीची हालचाल मऊ करतो. पंप लावता तो वरच्या कप्प्याला. खालच्यात हवा जाते ती नळीच्या आत असलेल्या एका छोट्या खाचेतून. फोर्क जवळजवळ पूर्ण वर असताना पिस्टन त्या खाचेवर येतो आणि दोन्हीकडचा दाब सारखा होतो.

पिस्टनचं सील झिजलं किंवा त्यावर चिखलाचं पाणी पोचलं की दाबताना वरची हवा खाली सटकते. खालचा दाब वाढतो, तो फोर्क खाली ओढतो. आता पिस्टन खाचेपर्यंत पोचतच नाही, म्हणून दाब आपोआप सारखा होत नाही. बाहेर काहीच गळत नसल्याने साबणाच्या पाण्यात बुडबुडा दिसणार नाही. कधी कधी सर्व्हिस करताना ग्रीस जास्त चोपडलं जातं आणि खाचच बुजते, लक्षण तेच. तुमचा फोर्क उघडलेला नसेल तर हे बाद.

न उघडता करायची तपासणी: पायावर लिहिलेल्या कमाल दाबाच्या आत राहून हवा वाढवत न्या. मध्ये मध्ये थांबून हँडल वर ओढा. फोर्क वर आला की आतून बारीक ‘सुस्स’ ऐकू येईल, ती खाच उघडल्याची खूण. मग फोर्क ताणून धरूनच व्हॉल्व्ह हळूहळू दाबत हवा ८० वर आणा. एकदम सोडलीत तर खालची हवा तशीच अडकते आणि पहिले पाढे पंचावन्न.

एक गोष्ट नीट वाचा. फोर्क असा खाली ओढलेला असताना नळीच्या तळाशी आतून बसवलेलं सर्कलिप (एअर शाफ्ट अडवून धरणारी स्टीलची रिंग) काढायच्या भानगडीत पडू नका. व्हॉल्व्हला हवा शून्य दिसली तरी खाली दाब अडकलेला असू शकतो आणि एअर शाफ्ट गोळीसारखा बाहेर येतो. तोंड समोर असेल तर विचारू नका.

आणि पंपाबद्दल: काढताना जो फुस्स होतो तो मुख्यतः पंपाच्या नळीतल्या हवेचा. परत लावला की फोर्कमधली थोडी हवा नळीत जाते म्हणून काटा जरा खाली दिसतो. त्याला गळती समजू नका.

धागाकर्ता:
सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. सांगितलं तसंच केलं. दाब बराच वाढवल्यावर ‘सुस्स’ आला आणि फोर्क पूर्ण उंचीवर उभा राहिला! नळीवरची ओ-रिंग (रबरी कडं) सरकवून बसून पाहिलं, सॅग (वजनाने फोर्क दबतो ते अंतर) २४ मिमी, म्हणजे २० टक्के. खूश होऊन पांडवलेण्याच्या मागच्या बाजूला एक फेरी मारली. घरी येईपर्यंत परत बसायला सुरुवात. पूर्वीइतका नाही, पण बसतोय. शिवाय पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवली की टकटक लागते, तो बुशिंगचा (नळी ज्यात सरकते त्या कड्यांचा) प्रश्न का?

प्रतिसाद:
मग पिस्टनचं सीलच. पूर्ण फोर्क फेकायचं काहीच कारण नाही. तुमच्या मॉडेलचं आणि त्याच वर्षाचं एअर स्प्रिंग सील किट मागवा, मॉडेल तेच असलं तरी वर्ष बदललं की सील बदलतात. अंबडच्या एमआयडीसीत ओ-रिंग हव्या त्या मापाची मिळते हे खरं, पण पिस्टनच्या सीलचा आकार साधा गोल नसतो. तिथे जुगाड करू नका.

टकटकीसाठी एक बोट हेडसेटच्या (हँडल फिरतं तिथल्या बेअरिंगच्या) सांध्यावर, दुसरं डस्ट सील आणि नळीच्या सांध्यावर ठेवा. जिथे बोटाला हालचाल लागते तिथे गोची. माझा अंदाज हेडसेट सैल आहे, पावसाळ्यानंतर हे हटकून होतं.

किट येईल तेव्हा खालचे पाय काढावे लागणारच, तर तीही सर्व्हिस उरकून घ्या. रॉकशॉक्सवाले दर ५० तासांनी खालचे पाय उघडून तेल बदलायला सांगतात, फॉक्सवाले १२५ तासांनी किंवा वर्षातून एकदा. नाशिकच्या पावसाळ्यात चालवलेल्या सायकलला मी पावसाळा संपल्यावर एकदा हे धरूनच चालतो. तळाचे बोल्ट दोन-तीन आटे सैल करून रबरी हातोड्याने हलके ठोका, पाय सुटतात. चहाच्या रंगाचं पाणी बाहेर आलं तर समजा पाणी आत गेलंय. सीलखालची स्पंजची रिंग धुऊन, सुकवून, नव्या तेलात भिजवून बसवा. तेल किती मिली आणि कुठल्या ग्रेडचं हे कंपनीच्या मॅन्युअलमध्येच पाहा. जास्त घातलंत तर आतली मोकळी जागा कमी होते आणि फोर्क शेवटपर्यंत दाबला जात नाही.

सायकल गाडी धुण्याच्या सेंटरवर देत असाल तर ते बंद करा. प्रेशरचं पाणी सीलच्या ओठातून थेट आत जातं.

धागाकर्ता:
बोट ठेवून पाहिलं, हेडसेटच निघाला. वरचा बोल्ट किंचित आवळला, टकटक गेली. किट मागवलंय. आता सर्कलिपची पक्कड कुठली घेऊ? हार्डवेअरच्या दुकानात दोन प्रकार दाखवले.

प्रतिसाद:
दाबल्यावर टोकं जवळ येतात ती. नळीच्या आतल्या खाचेतलं सर्कलिप तिनेच निघतं. टोकं सरळ आणि लांब बघा. मी म्हसरूळला असतो. रविवारी किट आलेलं असेल तर सायकल घेऊन या, माझ्याकडे टॉर्क पाना आणि स्टँड आहे. येताना तळाच्या बोल्टचे क्रश वॉशर (आवळताना दबून बसणाऱ्या चकत्या) नवीन आणा, जुने परत बसवले की तळातून तेल झिरपतं.