सेक्रेटेरियटच्या शर्यती कोणत्या क्रमाने दाखवू? भाचीसाठी सल्ला हवा

दादरची_मावशी
माझी भाची आठवीत आहे. सेक्रेटेरियट या अमेरिकी घोड्याने तिला अक्षरशः वेड लावलंय. 31 लेंग्थनी (म्हणजे घोड्याच्या 31 लांबींच्या अंतराने) जिंकलेली बेलमाँटची शर्यत तिची तोंडपाठ आहे. त्यापुढे काय दाखवू? आणि महालक्ष्मी रेसकोर्सला नेलं तर तिथे काय बघायचं? पैसे लावायचे नाहीत, तिला घोडा कळायला हवा.

परळकर
ताई, बेलमाँट सध्या बाजूला ठेवा. आधी 5 मे 1973 ची केंटकी डर्बी घड्याळ हातात घेऊन दाखवा. अंतर सव्वा मैल. पाव-पाव मैलाची त्याची वेळ अशी: 25.2, 24, 23.8, 23.4 आणि शेवटी 23 सेकंद. एरवी घोडा शेवटाकडे दमतो, हा दर टप्प्याला वेग वाढवत गेला, तेही सुरुवातीला सगळ्यांच्या मागे राहून! एकूण 1 मिनिट 59.4 सेकंद. तो विक्रम आजही कायम आहे. माझ्या मते त्याची खरी ताकद इथे दिसते.

मग प्रीकनेसची शर्यत, आणि त्यानंतर 9 जूनची बेलमाँट. तिला शॅम या घोड्याकडे बघायला सांगा. केंटकी आणि प्रीकनेस, दोन्हींत दुसरा तोच आला होता. बेलमाँटला पहिला अर्धा मैल तो सेक्रेटेरियटला बिलगून पळतो आणि शेवटी सर्वांत मागे येतो. त्याच्याबद्दल फार वाईट वाटतं.

पॅडॉकजवळ
बेलमाँट दीड मैलाची, म्हणजे जवळपास 2400 मीटर. आपली इंडियन डर्बीही तेवढ्याच अंतराची आणि महालक्ष्मीलाच होते, फेब्रुवारीत. पण त्या दिवशी गर्दी फार. मुंबईचा सीझन नोव्हेंबर ते एप्रिल असतो, त्यातला एखादा साधा दिवस निवडा. मुलांना कुठवर सोडतात ते आधी फोन करून विचारा.

शर्यतीआधी पॅडॉकच्या (घोडे फिरवून दाखवतात त्या आवाराच्या) कठड्याला उभं राहा. सईस (घोड्यांची देखभाल करणारे) घोड्यांना गोल फिरवत असतात. चाल मोकळी आहे का, कान कुठे वळताहेत, मानेवर आणि मागच्या पायांमध्ये घामाचा फेस आलाय का, हे बघा. जातिवंत घोड्याच्या पातळ कातडीखाली शिरा उठून दिसतात. टीव्हीवर हे कधीच कळत नाही.

आणि आपले घोडे विसरू नका! स्क्वाँडररने 19 पैकी 18 शर्यती जिंकल्या, इल्यूसिव्ह पिम्परनेलने 23 पैकी 22. भाचीला ही नावंही माहीत असू देत.

दादरची_मावशी
दोघांचेही मनापासून आभार. सेक्रेटेरियटचं हृदय दहा किलोचं होतं म्हणतात, ते खरं का?

परळकर
तो अंदाज आहे, ताई. 1989 मध्ये तो गेल्यावर शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी हृदय पाहिलं, पण वजन केलं नाही. त्याच डॉक्टरांनी शॅमच्या हृदयाचं मात्र पुढे वजन केलं होतं: 18 पौंड, म्हणजे आठ किलोच्या वर. त्यावरून त्यांनी सेक्रेटेरियटचं 22 पौंड, म्हणजे दहा किलो, धरलं. भाचीला दोन्ही आकडे सांगा, शॅमचाही.