विनोदाच्या मागे भिंत हवी

काही जण म्हणतात की विनोदी अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन मालिका) म्हणजे नुसती आरडाओरड आणि वाकडे चेहरे. मला हे पटत नाही. 'बाराकामोन' बघा, २०१४ची मालिका, फक्त १२ भाग.

हांडा हा तरुण सुलेखनकार. प्रदर्शनाचे म्हातारे संचालक त्याच्या अक्षराला कित्ता गिरवल्यासारखं म्हणतात, आणि हा थेट त्यांना ठोसा मारतो. मग वडील त्याची रवानगी नागासाकीजवळच्या गोतो बेटांवर करतात. तिथे भाड्याच्या घरात आधीच नारू नावाची चिमुरडी ठाण मांडून बसलेली!

पहिल्याच भागात ती त्याला समुद्रकाठच्या उंच भिंतीपाशी नेते. स्वतः सरसर चढते आणि सांगते, वर आल्याशिवाय काही दिसणार नाही. तो धापा टाकत, खरचटत चढतो, आणि समोर मावळता सूर्य. इथवर आपण हसत असतो, आणि एकदम घसा दाटतो. कारण सामान्यपणाची भिंत ओलांडायचा प्रयत्न तरी केलास का, हेच संचालकांनी विचारलेलं असतं. घरी येऊन तो कागदावर अक्षरशः तुटून पडतो, अंगभर शाई.

दुसरं म्हणजे आवाज. नारूला खऱ्या लहान मुलीचा आवाज आहे. मोठ्या बाईने लाडिक आवाज काढला असता तर ती खट्याळ पोर इतकी खरी वाटली नसती. (म्हणून मूळ जपानी आवाजात, सबटायटल्स लावूनच बघा.) मूळ मांगा (जपानी चित्रकथा) लिहिणाऱ्या सात्सुकी योशिनो स्वतः गोतोच्याच, म्हणून तिथल्या बोलीची आणि शेजाऱ्यांची थट्टा कुठेच बोचत नाही.