'जुनी ठेवा' की 'तुमची ठेवा'? कॉन्फिगरेशन फाइलीच्या एका प्रश्नाचे मराठी

अनुवादक : डेबियन या लिनक्स प्रणालीत पॅकेजे (बसवण्यासाठी बांधून दिलेले प्रोग्राम) अद्ययावत होत असताना ती बसवणारी डीपीकेजी मध्येच थांबून विचारते, की ही कॉन्फिगरेशन फाइल (प्रोग्रामच्या सेटिंग्जची) तुम्ही बदललेली आहे आणि पॅकेजसोबत तिचे सुधारलेले रूप आले आहे, तर काय करायचे? मी पर्याय लिहिले : 'नवी फाइल बसवा' आणि 'जुनी फाइल ठेवा'. मसुदा तपासणाऱ्या मैत्रिणीने 'जुनी' खोडून समासात लिहिले, "जुनी म्हटली की कोणीही टाकूनच देईल." मूळ इंग्रजी पर्यायांतही जुने-नवे काही नाही, एक पॅकेज सांभाळणाऱ्याची आहे आणि दुसरी सध्या बसवलेली. मग मराठीत काय म्हणावे?

प्रशासिका : तुमच्या मैत्रिणीचे बरोबर आहे, कारण मी हा फटका खाल्लेला आहे. एन्जिनएक्स या वेब सर्व्हरच्या मुख्य फाइलीत मी अपलोडची मर्यादा वाढवून ठेवली होती. अद्ययावत करताना 'नवे ते घ्यावे' या सवयीने मी पॅकेजची फाइल बसवणारे वाय दाबले, मर्यादा मूळच्या 1 एमबीवर गेली आणि लोकांना मोठ्या फाइली चढवता येईनात. माझी फाइल शेजारीच 'डीपीकेजी-ओल्ड' असे शेपूट लावून पडलेली होती, पण ती सापडेपर्यंत अर्धा दिवस गेला.

कोशप्रेमी : मराठीत यासाठी दोन शब्द तयार आहेत आणि आपण दोन्हीकडे 'आवृत्ती' लिहून ते वाया घालवतो. आवृत्ती प्रकाशक काढतो. वाचकाच्या हातात असते ती प्रत, जिच्यात त्याने पेन्सिलीने खुणा केलेल्या असतात. म्हणून 'पॅकेजची आवृत्ती बसवा' आणि 'तुमची प्रत ठेवा' असे लिहावे. फरक दाखवणाऱ्या डी या पर्यायाला 'पाठभेद दाखवा' म्हणावे, आणि कॉन्फिगरेशनला 'विन्यास', कारण 'न्यास'चा एक अर्थ ठेव असा आहे, म्हणजे दुसऱ्याने विश्वासाने सोपवलेली वस्तू.

प्रशासिका : 'प्रत' मला मनापासून पटले. पण 'पाठभेद' आणि 'विन्यास' वाचून माणूस पडद्यासमोर अडेल; 'फरक दाखवा' आणि 'कॉन्फिगरेशन' हे शब्द त्याच्या तोंडात आधीच आहेत.

कोशप्रेमी : तोंडात आधी नव्हता असा कोणताही शब्द कोणीतरी प्रथम वापरल्याशिवाय रुळत नाही. 'संकेतस्थळ' तरी कोणाच्या तोंडात होते?

पॅकेजकार : शब्द ठरवण्याआधी यंत्रणा पाहा. डीपीकेजी दोन नव्हे, तीन गोष्टी ताडून पाहते : मागच्या वेळी पॅकेजसोबत आलेल्या फाइलीचा एमडीफाइव्ह ठसा (मजकुरावरून काढलेली छोटी ओळखखूण), डिस्कवरची फाइल आणि आता आलेली फाइल. तुमची बाजू आणि पॅकेजची बाजू, दोन्ही बदललेल्या असतील तरच ती प्रश्न विचारते. म्हणजे खऱ्या अर्थाने 'जुनी' आहे ती मागच्या वेळची, आणि तिचा फक्त ठसा उरलेला असतो. फेडोरासारख्या लिनक्समध्ये हेच काम करणारी आरपीएम तर विचारतही नाही. पॅकेजकाराने 'नोरिप्लेस' (बदलू नका) लिहिले असेल तर तुमची राहते आणि आलेली 'आरपीएमन्यू' म्हणून शेजारी बसते, नाहीतर तुमची 'आरपीएमसेव्ह' होऊन बाजूला जाते. शिवाय डेबियनच्या धोरणात 'कॉन्फाइल' आणि 'कॉन्फिगरेशन फाइल' वेगळ्या आहेत : पहिली डीपीकेजी स्वतः सांभाळते, दुसरी एखादी स्क्रिप्टही सांभाळत असेल. दोन्हींना 'विन्यास फाइल' म्हटले तर हा भेद पुसला जाईल.

अनुवादक : मग 'तुमची प्रत ठेवा' पक्के करतो.

पॅकेजकार : थांबा. तुम्ही फाइल मुद्दाम काढून टाकली असेल, तर डीपीकेजी तो निर्णयही पाळते आणि पॅकेजमधली बदलली असेल तेव्हा हाच प्रश्न, हेच पर्याय पुढे ठेवते. तिथे प्रतच नाही. मग ठेवायचे काय?

प्रशासिका : 'आहे तसेच राहू द्या.' फाइल असो वा नसो, दोन्हीकडे चालते.

कोशप्रेमी : चालते, पण त्यात 'तुमचे' कुठे राहिले? ज्याने बदल केला त्याचा उल्लेख त्या वाक्यात असलाच पाहिजे, असे माझे अजूनही मत आहे.